स्वयंपाकघराची भिंत

घरात तोडफोड करायची ठरली की लोक आधी नन्नाकाकांना बोलावत आणि मग बोलावलं म्हणून पस्तावत. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. कोणीही काहीही विचारलं, की ह्या गृहस्थांचा नन्नाचा पाढा सुरू. भिंत काढायची? नाही. वर मजला चढवायचा? नाही. बाल्कनी आत घ्यायची? अजिबात नाही. म्हणून नन्नाकाका. लोक त्यांना तोंडावरही तसंच म्हणत आणि ते निमूट ओ देत.

मूळचे ते गवंडी. पुढे हातातली थापी सुटली आणि नुसती नजर उरली. घर वाढवण्याआधी, फोडण्याआधी, कधी विकत घेण्याआधी ते येऊन बघत आणि हे झेपेल की नाही ते सांगत. खिशात छोटी हातोडी, विजेरी, ओळंबा, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि कानामागे पेन्सिल, एवढंच भांडवल. काम संपेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नियम. "एकदा चहा पोटात गेला की जीभ गोड होते," ते म्हणायचे, "आणि गोड जिभेनं घरं पडतात."

एका दातांच्या डॉक्टरांना गच्चीवर पोहायचा हौद हवा होता. नकाशे तयार, निळ्या फरश्या निवडून ठेवलेल्या, पोरांनी पोहायचे चष्मेसुद्धा आणलेले. नन्नाकाका गच्चीवर गेले, खाली आले, जिन्याखाली तासभर मांडी ठोकून बसले, आणि म्हणाले, "हौदात पाणी राहील डॉक्टर. खाली तुम्ही राहणार नाही." डॉक्टर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग नुसत्या पाण्याच्या टाकीच्या वजनानं त्या गच्चीला तडा गेला, आणि दुसऱ्या दिवशी नन्नाकाकांच्या घरी मिठाईचा डबा आला. "बघ," ते बायकोला म्हणाले, "दातांच्या डॉक्टरानं मिठाई पाठवली. किती घाबरला असेल!"

हा पाढा काही ते आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. सव्विसाव्या वर्षी ते एका मिस्त्रींच्या हाताखाली काम करत होते. विटेला वीट कशी लावायची इथपासून सगळं त्या मिस्त्रींनीच शिकवलेलं. दोन दुकानांमधली भिंत काढून एक मोठं दुकान करायचं काम होतं. मिस्त्रींनी विचारलं, "काय रे, वाजवून बघितलीस ना? काढायची का?" दोन ठिकाणी हातोडी मारून बघितली होती. भिंत पोकळ वाजली होती. "हो, काढा," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी स्लॅबचा कोपरा खाली आला. मिस्त्री जगले, पण कमरेखाली काही उरलं नाही. अकरा वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, आणि अकरा वर्षं नन्नाकाका दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन दाढी करून देत, कूस बदलून देत. लग्न झाल्यावर बायकोही बरोबर जाऊ लागली. मिस्त्री लागेल असं एकदाही बोलले नाहीत. उलट म्हणत, "अरे, हातोडा माझ्या हातात होता की!" त्यांनी आईबापावरून शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नन्नाकाकांना वाटायचं. तेव्हापासून 'हो' हा शब्द त्यांच्या घशात अडकला तो अडकलाच.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी घर घेतलं. एकामागे एक अशा चार खोल्या आणि कडेनं अरुंद बोळ. पुढे बैठकीची खोली, मग झोपायची, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी मागची खोली. मागच्या खोलीला परसाकडे उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या होत्या. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन लोळायचं. स्वयंपाकघराला मात्र बोळाच्या बाजूला वीतभर झरोका, बस्स. तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लागायची.

बायको रफूचं काम करायची. कोटाला सिगारेटचं भोक पडलं, शाल कसरीनं खाल्ली, पँट खिळ्याला अडकून फाटली, की लोक तिच्याकडे येत. ती त्याच कापडाच्या कडेचे धागे काढून भोक असं विणून टाकायची की मालकालाही जागा सापडू नये. ह्या कामाला उजेड लागतो. म्हणून ती मागच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि गॅसवर काही ठेवलेलं असलं की दर पाच मिनिटांनी उठून बोळातून वळसा घालून स्वयंपाकघरात जायची. "एक डोळा सुईवर आणि एक कान दुधावर," ती म्हणायची. "देवानं मला मधोमध चिरली असती तर दोन्हीकडे बसले असते."

भिंतीचं तिनं पहिल्यांदा विचारलं ते घर घेतल्यावर वर्षभरात. "अहो, ही मधली भिंत काढली तर? स्वयंपाकघर आणि मागची खोली एकच होईल."

"नऊ इंची आहे. भार घेते."

"बघितलीत का नीट?"

"बघायचं काय त्यात? माझा धंदाच तो आहे."

दुसऱ्यांदा विचारलं, लेक रांगायला लागली तेव्हा. पोर मागच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि पोरीनं सुयांचा डबा उपडा केलेला. तेव्हाही "नाही" झालं. तिसऱ्यांदा तिनं सरळ विचारलंच नाही. फरशी पुसता पुसता म्हणाली, "अहो, ही तांबड्या फरश्यांची ओळ बघितलीत? इकडून भिंतीपर्यंत येते, आणि पलीकडच्या खोलीत बरोबर तिथूनच पुढे चालू होते. भिंतीखालून जाते की काय?"

ते पेपर वाचत होते. "फरशी कुठूनही कुठेही जाते," ते म्हणाले.

शेवटचं तिनं मागितलं ते गुडघे धरल्यावर. "सगळी भिंत राहू द्या. नुसती खिडकीएवढी जागा फोडून द्या. इथे बसल्या बसल्या गॅस तरी दिसेल."

"भोकानंही भिंत मरते," ते म्हणाले.

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. शेवटी पटलं तिला, असं त्यांना वाटलं.

ती गेली त्या दिवशी थंडी होती. अकराचा सुमार. नन्नाकाका मागच्या खोलीत उन्हात पाय पसरून पेपर वाचत होते, आणि ती भिंतीपलीकडे ओट्याशी. काहीतरी धप्पकन वाजलं. "काय पडलं गं?" त्यांनी बसूनच विचारलं. उत्तर आलं नाही. त्या भिंतीतून धड ऐकू जायचं नाही, म्हणून दोघांनीही उत्तराची वाट बघणं कधीच सोडून दिलं होतं. त्यांनी पान उलटलं. दूध करपल्याचा वास आला तेव्हा ते उठले आणि बोळातून फिरून गेले. ती ओट्यापाशी कुशीवर पडलेली होती. एक चप्पल पायात, एक दूर.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "वीस मिनिटं आधी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

आयुष्यभर ज्यांनी लोकांना तोडून 'नाही' सांगितलं, त्यांच्या वाट्याला हे आलं.

पुढचे चार महिने ते त्या घरात एकटे राहिले. तिच्याकडे लोकांचे तीन कपडे राहून गेले होते. ते त्यांनी घरोघर जाऊन परत केले. एका निवृत्त पोस्टमास्तरांचा कोट होता, कोपराशी निम्मी रफू झालेली आणि सुई तशीच टोचलेली. नन्नाकाका सुई काढायला लागले तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "राहू द्या. असाच राहू द्या." आणि कोट तसाच खुंटीला लावला.

लेक दवाखान्यात परिचारिका होती. नवरा आणि दोन मुलींबरोबर गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहायची. दर दोन दिवसांनी येऊन डबे ठेवून जायची, आणि दोन दिवसांनी तेच डबे भरलेले सापडायचे. एका संध्याकाळी तिनं डबे धुता धुता सांगून टाकलं, "आम्ही इथेच राहायला येतोय. तुम्हाला एकटं ठेवून मला तिकडे घास जात नाही."

"या की. घर काय माझ्या एकट्याचं आहे?"

"पण आहे तसं नाही पुरायचं. वर एक खोली हवी, दुसरं न्हाणीघर हवं, आणि हे स्वयंपाकघर..." तिनं भिंतीकडे बघितलं. "हे असं नकोय मला. मागची खोली आणि हे एक करायचं."

"वर खोली नाही व्हायची. भिंत तर नाहीच नाही. न्हाणीघराचं बघू."

"तुम्ही नका सांगू बाबा. आमच्याकडे डॉक्टर स्वतःच्या माणसावर सुरी चालवत नाहीत. मी तुमच्या इंजिनिअरबाईला बोलावलंय. ती बघेल, लिहून देईल, आणि मगच आम्ही तिकडचं घर सोडू. होणार नसेल तर तुम्ही आमच्याकडे यायचं. पण एकदा नीट बघू तरी द्या."

इंजिनिअरबाई म्हणजे त्यांचीच चेली. कॉलेजातून नुकती बाहेर पडली तेव्हा दोन वर्षं नन्नाकाकांच्या मागे मागे हिंडली होती. पुस्तकात नसलेलं सगळं त्यांच्याकडून शिकली, असं ती चारचौघांत सांगायची. आता तिचं स्वतःचं कार्यालय होतं, हाताखाली सहा माणसं होती, पण नन्नाकाकांना बघितलं की ती अजून उठून उभी राहायची.

ती आली ती सकाळी आठला. चहा विचारला तर म्हणाली, "काम झाल्यावर, काका." नन्नाकाकांना बरं वाटलं.

दिवसभर तिनं घर चाळून काढलं. बाहेरच्या भिंतीशी खड्डा खणून पाया किती खोल आहे ते मोजलं, खालची माती मुठीत दाबून बघितली. गच्चीवर जाऊन तड्यांच्या रेघांवर पेन्सिलीनं तारखा घातल्या. सांडपाण्याच्या नळाला किती उतार मिळेल ते पाण्याच्या नळीनं तपासलं. नन्नाकाका विजेरी धरून मागे मागे. लेक मधूनमधून डोकावत होती. दुपारपर्यंत दोन गोष्टी ठरल्या. पाया उथळ, म्हणून वर खोली नाही. मागच्या बाजूला न्हाणीघर मात्र होईल.

"बघ, मी काय म्हणालो होतो?" नन्नाकाका लेकीला म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी जान आली होती.

मग स्वयंपाकघर.

इंजिनिअरबाई आत आली आणि इकडेतिकडे न बघता सरळ ओट्याच्या कडेच्या कोपऱ्यात उकिडवी बसली. भिंतीच्या पायथ्याशी जी उभी पट्टी असते, तिचा तिथला तुकडा तिनं पटाशीनं अलगद उचकटला. खाली वीट दिसली. विटेखाली सिमेंटचा पातळ थर, आणि थराखाली तांबडी फरशी, गुळगुळीत, झिजलेली, तशीच भिंतीच्या पोटात शिरलेली.

"उजेड धरा, काका."

त्यांनी धरला. त्यांना पुढचं काही सांगायची गरज नव्हती. आधी फरशी घातली गेली होती आणि मग तिच्यावर भिंत बांधली होती. भार घेणारी भिंत पायातून वर येते, ती कोणी फरशीवर उभी करत नाही. तरी ते म्हणाले, "वर बघ. वर काय आहे ते बघ."

ती स्टुलावर चढली. छताशी, भिंत जिथे संपते तिथे, तिनं थोडा गिलावा खरवडला. मागे रुंद तुळई होती, ह्या कडेच्या भिंतीपासून त्या कडेच्या भिंतीपर्यंत गेलेली. तुळईच्या खाली आणि विटांच्या वर बोटभर फट, सिमेंटनं लिंपलेली. तिनं स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सिमेंट भुसभुशीत होऊन गळलं आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. सगळा भार ती तुळईच घेत होती. मूळची एकच मोठी खोली. आधीच्या मालकानं मागचा भाग कोणाला तरी भाड्यानं द्यायला म्हणून मध्ये ही आडभिंत घातली असणार, आणि पलीकडचा आवाज येऊ नये म्हणून जाड घातली असणार.

नन्नाकाकांनी विजेरी विझवली.

"तू नेमकी त्याच कोपऱ्यात कशी बसलीस?" त्यांनी विचारलं.

ती स्टुलावरून उतरली. हातावरची धूळ झटकली. पुन्हा झटकली.

"तू ही भिंत आधी बघितली होतीस."

"सहा वर्षं झाली, काका. तुम्ही त्या शाळेच्या इमारतीसाठी चार दिवस बाहेरगावी होतात. काकूंनी फोन करून बोलावलं. म्हणाल्या, एकदा बघून जा, माझ्या मनाचं समाधान. फरशीची ओळ त्यांनीच दाखवली मला."

"आणि तू काय सांगितलंस?"

"आहे तेच. निघेल म्हणून सांगितलं. एका दिवसाचं काम आहे म्हटलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"त्यांनी शपथ घातली." ती ओट्याला टेकली. "मी म्हटलं, काकू, मी समजावते काकांना. तर म्हणाल्या, 'नको गं. भिंत निघेल, पण पाडताना हे खाली जाऊन उभे राहतील, मी ओळखते ना. आणि निघाल्यावर रोज वर बघत बसतील. मिस्त्रींच्या वेळेपासून झोपेत दचकून उठायचे. आता कुठे नीट झोपतात. माझं काय, पंचवीस वर्षं ट्यूबलाइटखाली गेली, राहिलेलीही जातील.'"

दाराशी लेक उभी होती. कधी येऊन उभी राहिली होती, कोणाला कळलं नव्हतं.

"आईला माहीत होतं?" ती म्हणाली.

इंजिनिअरबाईनं मान डोलावली. लेक बापाकडे वळली.

"बाबा, ती पडली तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात?"

"तुला माहीत आहे."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "हिच्या पलीकडे. खिडकीशी."

"म्हणजे सात-आठ पावलं. ही नसती तर तुम्ही तिला पडताना बघितलं असतं."

"हो."

"परक्याच्या घरात जिन्याखाली तासतासभर बसता तुम्ही. इथे दोन मिनिटं खाली वाकायचं होतं. एकतीस वर्षांत दोन मिनिटं!"

ती वळली, पर्स उचलली आणि गेली. इंजिनिअरबाईनं उचकटलेला पट्टीचा तुकडा उगाचच जागेवर लावायचा प्रयत्न केला. तो बसेना. "राहू दे," नन्नाकाका म्हणाले. "तू जा आता, पोरी. तुझी काही चूक नाही." ती जाताना त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते मागे सरले.

लेक नऊ दिवस आली नाही. डबे जावई आणून देई. भला माणूस होता, काही विचारत नसे, पण डबा ठेवताना दाराबाहेरच उभा राही. नन्नाकाका दिवसभर स्वयंपाकघरात पाटावर बसून राहत. भिंत कोणी बांधली, कोणी फसवलं, असल्या गोष्टी त्यांच्या मनातही आल्या नाहीत. ते स्वतःलाच विचारत होते, की मी का नाही वाकलो? वेळ नव्हता, असं नाही. कंटाळा होता, असंही नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांना ते उमगलं. भिंत भार घेत असेल, ही त्यांना भीती नव्हतीच कधी. भार घेत नसेल, ही भीती होती. कारण मग 'हो' म्हणावं लागलं असतं. बायकोला हे त्यांच्याआधी कळलं होतं. तिनं त्यांचं ते भोकही गुपचूप रफू करून टाकलं होतं, आणि वर सहा वर्षं त्याच अंधारात उभं राहून त्यांना गरम गरम वाढलं होतं. तिच्या तोंडावर त्यांना कधी काही दिसलं नाही. पण तेवढ्या उजेडात दिसणार तरी काय होतं?

दहाव्या दिवशी इंजिनिअरबाईचा अहवाल आला. तीन पानं. पाया, माती, नळाचा उतार, न्हाणीघर, सगळं नीट आकड्यांनिशी. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. 'स्वयंपाकघर आणि मागील खोली यांमधील भिंत कोणताही भार घेत नाही. ती काढण्यास हरकत नाही.' नन्नाकाकांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग लेकीला फोन लावला.

"कागद आला," ते म्हणाले. "वर खोली नाही. बाकी होतंय. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर मी काही म्हणणार नाही. पण भिंत मी काढतोय."

"आता काढून काय करायचं?" लेक म्हणाली.

"माहीत नाही," ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी सकाळी दोन गवंडी आले, इंजिनिअरबाई आली. गरज नसताना तिनं तुळईखाली चार टेकू लावून घेतले. लेक रजा टाकून आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. गवंड्यांनी वरच्या विटेला पहिला घाव घातला तेव्हा नन्नाकाका पुढे झाले आणि बरोबर तुळईखाली जाऊन उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा. धूळ आहे," गवंडी म्हणाला.

ते हलले नाहीत. डोक्यावर, खांद्यावर चुरा पडत होता. ते वर बघत उभे होते. इंजिनिअरबाईनं लेकीकडे बघितलं. काकूंनी जे सांगितलं होतं, ते दोघींच्याही डोळ्यांसमोर चाललं होतं. गवंड्यांनी हात थांबवले. मग लेक पुढे आली आणि बापाच्या शेजारी, तुळईखाली उभी राहिली. गवंड्यांनी त्या दोघांना सांभाळून, बाजूबाजूनं, एकेक वीट काढली. तुळई तसूभरही हलली नाही.

दुपारी दोनपर्यंत भिंत जमिनीला आली. विटा बाहेर टाकल्या, फरशीवर पाणी मारलं. खिडक्यांतलं ऊन त्यांच्या काळात पहिल्यांदाच ओट्यापर्यंत गेलं. ट्यूबलाइटखाली कधी न दिसलेलं सगळं एकदम दिसायला लागलं. छताला गॅसच्या वरचा काळा गोल. फळीच्या कडेला बोटांनी आलेली चकाकी. आणि ओट्यासमोरच्या फरशीत दोन उथळ खळगे, शेजारी शेजारी, पावलांएवढे. एकतीस वर्षं ती जिथे उभी राहिली होती, ती जागा.

नन्नाकाकांनी ते बघितलं आणि ते तिथेच, ओल्या फरशीवर बसले. लहान मूल रडतं तसे आवाज करून रडले. गवंडी टोपल्या घेऊन बाहेर गेले. लेकीनं त्यांना उठवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, आणि ते थांबेपर्यंत तिथून हलली नाही.

महिन्याभरानं लेक, जावई, नाती, सामानाच्या अठरा खोक्यांसकट राहायला आले. वर खोली नसल्यामुळे नाती बैठकीच्या खोलीत झोपायच्या आणि रोज कोण दिवाणावर आणि कोण खाली ह्यावरून भांडायच्या. न्हाणीघर झालं. ओट्यासमोरच्या त्या दोन फरश्या बदलू का, असं गवंड्यानं विचारलं होतं. लेक आणि नन्नाकाका एकदमच "नको" म्हणाले, आणि त्या एका बाबतीत तरी बापलेकीचं एकमत झालं.

कामावर जाणं त्यांनी बंद केलं. कोणी बोलवायला आलं तर इंजिनिअरबाईचा पत्ता देत. ती अधूनमधून येई, अवघड काम असलं की कागद घेऊन बसे. ते बघत, मान डोलवत, पण शेवटी म्हणत, "तू तिथे जाऊन बघ. माझ्या सांगण्यावर जाऊ नको."

एका रविवारी नाती बाहेर खेळायला गेल्या होत्या, जावई झोपला होता. नन्नाकाका खिडकीशी बसले होते आणि लेक ओट्याशी भाजी चिरत होती. मध्ये काही नव्हतं, तरी दोघं अर्धा तास बोलले नव्हते.

"बाबा," लेक म्हणाली. "मी तुम्हाला माफ केलंय, असं समजू नका."

"नाही समजत."

"होईल की नाही, तेही माहीत नाही."

"बरं."

सुरी पुन्हा चालू झाली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण नुसते गप्प बसून राहू नका असे. मला ते बघवत नाही. काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"तिच्याबद्दल बोला. मला माहीत नसलेलं काहीतरी."

ते विचारात पडले. एवढ्या वर्षांच्या संसारातून लेकीला माहीत नसलेलं काय काढायचं? बाहेर नातींचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"लग्नाआधी तिनं मला एक पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले. "अक्षर इतकं भयंकर होतं तिचं, मला एक शब्द लागेना. दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. शेवटी एका कारकुनाकडून वाचून घेतलं. त्यानं वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पळतच सुटलो. अजून मला माहीत नाही, त्यानं सगळं वाचून दाखवलं होतं की नाही."

लेक पाठमोरी होती. सुरी थांबली होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते नन्नाकाकांना एवढ्या उजेडातही कळेना.